पोरांच्या डोक्यातल्या उवा जातात आणि परत येतात, तेव्हा काय काय तपासायचं

तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते, "काकू, औषध लावलं होतं, गेल्या होत्या, परत झाल्या." आमचं घर एकत्र, अमळनेर तालुक्यात, पोरींच्या वेण्या घालायचं खातं माझ्याकडे, त्यात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, नणंदा पोरं घेऊन येतात, श्रावणात कानबाईच्या सणाला सगळे भाऊबंद गोळा होतात, त्यामुळे हा प्रकार इतक्यांदा निस्तरून झालाय की आता गल्लीतल्या बाया पोरगी घेऊन थेट ओट्यावर येऊन बसतात. आधीच सांगते, उवा परत आल्या म्हणजे औषध नकली होतं असं लगेच धरू नका. बऱ्याचदा औषध बरोबर असतं, दुसऱ्या वेळेची तारीख चुकलेली असते, नाहीतर घरातलं एक डोकं बघायचं राहिलेलं असतं.

लक्षणं

पोर कानामागे आणि मानेवर, केस संपतात तिथे, सारखं खाजवतं. रात्री झोपेत जास्त. उशीच्या अभ्र्यावर बारीक काळे ठिपके दिसतात, ती उवांची घाण असते. मानेवर लाल पुरळ, नखांचे ओरखडे. आणि केसाला चिकटलेल्या पांढरट-पिवळट लिखा, बहुतेक कानांच्या मागे आणि मानेजवळ, कारण तिथे ऊब असते.

एक गोष्ट बऱ्याच जणींना माहीत नसते. खाज उवेच्या चावण्याने येत नाही, तिच्या लाळेची अ‍ॅलर्जी होते म्हणून येते आणि पहिल्यांदाच उवा झालेल्या पोराला ती खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. म्हणजे आखाजीला डोक्यात शिरलेली ऊ शाळा सुरू व्हायच्या सुमाराला खाजवायला लागते आणि आपण म्हणतो शाळेतून आणल्या. उलट पण होतं, उवा मेल्यावर सुद्धा काही दिवस खाज राहते, म्हणून नुसत्या खाजेवरून परत औषध चोपडायचं नाही.

पहिली तपासणी : उवाच आहेत ना? (खर्च शून्य)

मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ वर असतो, पोरांची डोकी घामोळ्यांनी भरतात आणि खाजवतातच. कोंडा असतो, धूळ असते, कधी नायटा असतो. म्हणून आधी बघा. कोंडा फुंकर मारली की उडतो, बोटाने ओढला की घसरतो. लीख एका केसाला एका बाजूने डिंक लावल्यासारखी बसलेली असते, बोटाने हलत नाही, नखाच्या चिमटीत धरून केसाच्या टोकापर्यंत ओढावी लागते. डोक्यावर गोल चट्टा पडून तिथले केस तुटलेत किंवा गळालेत असं दिसलं तर तो नायटा असू शकतो, उवांचं औषध त्याला काही करत नाही, डॉक्टरलाच दाखवा.

लीख मुळापासून किती लांब आहे तेही बघा. ऊ अंडं टाळूच्या अगदी जवळ घालते, साधारण पाव इंचाच्या आत. केस वाढतो तशी ती वर सरकते. म्हणजे मुळापासून बोटभर लांब असलेली लीख बहुतेक रिकामी टरफलं असतात, जुन्या लढाईची. फक्त अशाच लिखा आहेत आणि जिवंत ऊ एकही सापडत नाही, तर औषधाची गरज नाही. काढायच्या असतील तर दिसायला बऱ्या म्हणून काढा.

दुसरी तपासणी : ओल्या केसांत फणी (खर्च एका फणीचा)

नुसतं केस पसरून बघितलं तर उवा सापडत नाहीत, त्या उजेड बघून पळतात आणि चांगल्याच पळतात. खात्री करायची तर ओल्या केसांत फणी फिरवायची. फणी म्हणजे बारीक दातांची, शक्यतो स्टीलची, कटलरीच्या दुकानात मिळते, बाजाराच्या दिवशी पण मिळते. प्लॅस्टिकचीचे दात वाकतात आणि लीख मधून निसटते. घेताना उजेडासमोर धरून बघा, दातांच्या मधली फट सगळीकडे सारखी पाहिजे.

पद्धत अशी. डोकं साध्या शाम्पूने धुवा, मग भरपूर कंडिशनर लावा, एका पोरीच्या केसांना दोन पुड्या लागल्या तर लागू द्या, कंजूषी नको. कंडिशनर नसेल तर खोबरेल तेल चालतं. निसरड्या केसांत ऊ थोडा वेळ थंडावते, पळत नाही आणि फणी ओढताना पोर रडत नाही. आधी मोठ्या कंगव्याने गुंता काढा. मग सकाळच्या उन्हात ओट्यावर पोरीला पाठमोरी बसवा, खांद्यावर जुन्या पांढऱ्या धोतराचा तुकडा टाका, केसांच्या बोटभर रुंदीच्या बटा पाडा आणि फणी टाळूला टेकवून मुळापासून टोकापर्यंत एका दमात ओढा. दर ओढीला फणी त्या पांढऱ्या फडक्यावर पुसायची. ऊ तिळाएवढी असते, दोन-तीन मिलिमीटर, करड्या-तपकिरी रंगाची, रक्त प्यालेली असेल तर गडद. पिल्लं त्याहून बारीक, ती फडक्यावर नुसती वळवळताना कळतात. कानांच्या मागचा भाग आणि मान दोनदा करायची, तिथे घाई केली तर सगळी मेहनत वाया. लांब केसांना अर्धा-पाऊण तास लागतो, तेवढा वेळ पोरगी बसावी म्हणून मोबाईल द्यावा लागला तर द्या, त्या दिवशी संस्कार बाजूला.

दोन वर्षांच्या आतलं लेकरू असेल तर मी याच्या पुढे जातच नाही, फक्त फणी. पहिल्या दिवशी, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या दिवशी अशी चार वेळा नेमाने फणी केली तर औषधाशिवाय सुद्धा उवा जातात, सतराव्या दिवशी एकदा परत बघायचं. मधला एक दिवस बुडवला की पिल्लं मोठी होऊन परत अंडी घालतात. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही तरी याला अडचण येत नाही, एक बादली पुरते.

तिसरी तपासणी : घरात कोणाचं डोकं राहिलं? (खर्च शून्य, पण वाद होतात)

उवा परत येतात त्याचं मला सापडणारं सगळ्यात नेहमीचं कारण हेच. ऊ उडत नाही, उडी मारत नाही, ती फक्त चालते. एका डोक्याला दुसरं डोकं लागलं की केसावरून केसावर जाते. आता आपल्याकडे उन्हाळ्यात पोरं गच्चीवर नाहीतर घराच्या मातीच्या धाब्यावर एका ओळीत झोपतात, डोक्याला डोकं लावून एका मोबाईलवर कार्टून बघतात, आखाजीला झोक्यावर दोघी-दोघी बसतात. एकीला औषध लावलं आणि बाकीच्यांना सोडलं तर चार दिवसांत हिशोब बरोबर.

म्हणून एका डोक्यात जिवंत ऊ सापडली की त्याच दिवशी घरातली सगळी डोकी फणीखाली. आई, काकू, आणि ज्यांना कोणी विचारतच नाही त्या म्हाताऱ्या माणसांची सुद्धा. आमच्याकडे एकदा पोरींच्या उवा काही केल्या संपेनात, आणि मग आजेसासूबाई सहज बोलल्या, "डोकामा भलती खाज येस व माय." दोन्ही लहान पोरी रोज रात्री त्यांच्या कुशीत गोष्ट ऐकत झोपायच्या. त्यांचं डोकं बघितलं आणि कोडं सुटलं.

ज्यांच्या डोक्यात जिवंत उवा आहेत त्या सगळ्यांचा उपचार एकाच दिवशी. एकाच अंथरुणात झोपणाऱ्यांचा पण. मुलांची डोकी बारीक कापलेली असतात म्हणून त्यांना सोडू नका, कमी सापडतात पण सापडतात. गाय, कुत्रा, मांजर यांचा काही संबंध नाही, माणसाची ऊ माणसावरच जगते.

आणि नणंदेला फोन करून सांगायचं. इथे वाद होतात, "आमच्या घरी नव्हत्या, तुमच्याकडूनच लागल्या." होऊ द्या. उवा स्वच्छ डोक्यात पण होतात, रोज न्हाणाऱ्या पोरीला पण होतात, यात लाजण्यासारखं काही नाही. लाजेपायी फोन केला नाही तर कानबाईच्या रोटाच्या जेवणाला सगळी पोरं परत एका सतरंजीवर झोपणार.

चौथी तपासणी : औषध कोणतं आणि लावलं कसं?

फणीने भागत नसेल किंवा पोरं जास्त असतील तर मेडिकलमधून परमेथ्रीन १ टक्का लोशन. डबीवर टक्केवारी वाचा. ५ टक्क्याचं क्रीम पण त्याच नावाने मिळतं, ते खरजेसाठी अंगाला लावायचं असतं, डोक्यासाठी १ टक्का. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला हे लावायचं नाही, दोन वर्षांच्या आत असेल तर डॉक्टरला विचारून, पोटुशी किंवा अंगावर पाजणारी बाई असेल तर तिनेही आधी विचारावं. शेवंतीच्या जातीच्या फुलांची अ‍ॅलर्जी असेल तर सांगा, कारण हे औषध मूळ त्याच फुलांतल्या द्रव्याच्या धर्तीवर बनवलेलं आहे.

लावताना बाया नेमकं काय करतात, तर तेल चोपडलेल्या डोक्यावर लावतात. तेलाच्या केसावर औषध बसतच नाही. आधी साध्या शाम्पूने तेल पूर्ण काढा, त्या दिवशी कंडिशनर नाही (कंडिशनर फक्त फणीच्या वेळी, औषधाच्या आधी कधीच नाही), टॉवेलने केस टिपून दमट ठेवा, मग टाळूपासून टोकापर्यंत लोशन, कानांमागे आणि मानेवर नीट. डोळ्यांवर कोरडा टॉवेल धरायला पोरीलाच सांगा. दहा मिनिटं घड्याळ लावून, जास्त ठेवलं म्हणून जास्त मरतात असं काही नसतं. धुताना डोकं पुढे वाकवून फक्त केस धुवा, अंगावरून ओघळू देऊ नका. नंतर एक-दोन दिवस डोकं धुवायचं नाही.

आठ ते बारा तासांनी, डोकं न धुता, परत फणी फिरवून बघा. काही उवा जिवंत पण मंद चालताहेत, तर औषध लागू पडलंय, फणीने काढून टाका आणि थांबा. पण जर आधीसारख्याच तुरुतुरु पळताहेत तर त्या औषधाला सरावलेल्या असू शकतात. अशा वेळी तेच औषध दुसऱ्या दिवशी परत नाही लावायचं, डॉक्टरकडे जायचं.

पाचवी तपासणी : दुसरी तारीख

औषधाने जिवंत उवा मरतात, लिखा सगळ्या मरत नाहीत. राहिलेली अंडी साधारण सात ते दहा दिवसांत फुटतात. त्यातून निघालेलं पिल्लू मोठं होऊन अंडी घालायला अजून नऊ-बारा दिवस घेतं. म्हणजे पिल्लं बाहेर पडली आहेत पण अंडी घालायच्या लायकीची झालेली नाहीत अशी एक छोटी फट मिळते, आणि दुसऱ्यांदा औषध त्या फटीतच बसलं पाहिजे. पहिल्या दिवसापासून नवव्या दिवशी हे मी धरते, सात ते दहामध्ये कधीही चालतं. तिसऱ्या दिवशी घाबरून लावलं तर फुकट गेलं, अंडी अजून बंद आहेत. वीस दिवसांनी लावलं तर नवीन उवांनी तोवर अंडी घातलेली असतात, एक मादी दिवसाला आठपर्यंत घालते, मग खेळ पहिल्यापासून.

पहिलं औषध लावलं की त्याच दिवशी भिंतीवरच्या कालनिर्णयवर नववा दिवस गोल करून टाका. पोरीचं खाजवणं थांबलंय, डोकं स्वच्छ दिसतंय, त्या दिवशी लग्नाला जायचंय, काही असो, त्या तारखेला लावायचं. आणि दोन औषधांच्या मध्ये दर दोन-तीन दिवसांनी फणी. बायांना हा भाग सगळ्यात कंटाळवाणा वाटतो, आणि नेमका तोच टाळला जातो.

सहावी तपासणी : अंथरूण, टोप्या, कंगवे

यात लोक जीव काढतात, घरातल्या सगळ्या गोधड्या धुवायला काढतात, टँकर मागवतात. एवढं लागत नाही. डोक्यावरून पडलेली ऊ रक्ताशिवाय एक-दोन दिवसांत मरते. आधीच्या दोन दिवसांत वापरलेले अभ्रे, चादर, ओढणी, रुमाल, टोपी तेवढं कडकडीत गरम पाण्यात भिजवून धुवा आणि उन्हात टाका. कंगवे, फण्या, चाप, रबर गरम पाण्यात दहा मिनिटं. धुता न येणारी गोष्ट, म्हणजे मोठी गोधडी, लग्नातला फेटा, मऊ खेळणी, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे बाजूला ठेवा. घरात फवारा मारायची गरज नाही, त्याने उवांपेक्षा माणसांनाच जास्त त्रास.

हे करू नका

इथे थोडं रागाने लिहिते. सीताफळाच्या बियांची पूड. आपल्याकडे सातपुड्यात आणि अजिंठ्याच्या डोंगरात सीताफळ मुबलक, बिया फुकट, आणि म्हाताऱ्या सांगतात. त्या बियांनी उवा मरत असतील, पण ती पूड ओघळून डोळ्यात गेली तर बुबुळाला जखम होते, डोळे लाल होऊन उघडत नाहीत, दिसणं अंधुक होतं. नेत्रतज्ज्ञांकडे असे पेशंट येतात. चुकून गेलीच तर चोळू नका, पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्याची धार धरा आणि लगेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे.

रॉकेल नको, चुलीजवळ बसलेली पोरगी आणि डोक्याला रॉकेल यापुढचं सांगायला नको. कपाशीवर मारायचं औषध तर बाटलीचं झाकण धुवून थेंबभर सुद्धा नको, टाळूतून ते अंगात भिनतं आणि लेकरू दगावू शकतं. बैलांच्या गोचिडाचं औषध, मुंग्यांचा खडू, ढेकणाचं पावडर, सगळं नको. खोबरेलात कापूर घालून लावायची बऱ्याच घरांत पद्धत आहे, लहान लेकराच्या बाबतीत ती पण सोडा, कापूर पोटात गेला किंवा जास्त लागला तर झटके येऊ शकतात. घरात गॅमा बेंझिन हेक्झाक्लोराइड या उवा-खरजेच्या औषधाची जुनी बाटली पडलेली असेल तर लहान मुलांना लावू नका, त्यानेही झटके येऊ शकतात.

कडुलिंबाचं किंवा करंजाचं तेल फणी चालवायला निसरडं म्हणून लावलं तर लावा, पण त्याच्या भरवशावर नववा दिवस सोडू नका. टक्कल केलं तर उवा जातात हे खरं, पण चौथीतल्या पोरीला टक्कल करून शाळेत पाठवणं म्हणजे उवांपेक्षा मोठी शिक्षा. गरज नाही त्याची.

परत येऊ नये म्हणून

पाहुणी पोरं आली की दुसऱ्या दिवशी न्हाऊ घालायच्या निमित्ताने सगळ्यांना फणी, कोणाला वेगळं न काढता. शाळा सुरू असताना आठवड्यातून एकदा, रविवारी. पोरींच्या वेण्या घट्ट आणि बांधलेल्या, मोकळे केस सोडून खेळायला नको. कंगवा, रुमाल, हेअरबँड ज्याचं त्याचं. वर्गात एखादीच्या डोक्यात दिसल्या तर तिला वेगळं बसवायची काही गरज नसते, सगळ्या आयांना एकाच दिवशी निरोप गेला तर जास्त उपयोग होतो, बाईंना तेवढं सांगा. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं तपासणी पथक येतं, त्यांना पण दाखवता येतं.

कुठे थांबायचं

दोन्ही तारखांना नीट औषध लावलं, घरातली सगळी डोकी झाली, तरी जिवंत उवा सापडताहेत, तर घरचे प्रयोग तिथेच बंद. तिसऱ्यांदा तेच औषध नको. दुसऱ्या प्रकारची औषधं असतात, तोंडाने घ्यायची गोळी पण असते, पण ती वजनावर ठरते आणि १५ किलोच्या आतल्या मुलाला देत नाहीत, म्हणून मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून घेऊ नका.

खाजवून डोक्यात पू झाला, पिवळी खपली धरली, केस चिकटून गठ्ठा झाला, ताप आला, मानेमागे गाठी दुखायला लागल्या, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात नाहीतर बालरोगतज्ज्ञांकडे. तिथे आधी जखमेचा उपचार लागतो, फुटलेल्या कातडीवर उवांचं औषध लावायचं नाही. पापण्यांच्या केसांवर लिखा किंवा उवा दिसल्या तर हात लावू नका, ते डॉक्टरचंच काम. औषध लावल्यावर तोंड सुजलं, दम लागला, अंगावर गांधी उठल्या तर केस धुवून लगेच दवाखाना.

जाताना वापरलेल्या औषधाची डबी सोबत घ्या, रिकामी असली तरी, आणि कालनिर्णयवरच्या दोन्ही तारखांचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा. डॉक्टर पहिलं तेच विचारतात, काय लावलं आणि कधी लावलं. फणीत निघालेली एखादी ऊ सेलोटेपवर चिकटवून नेली तर अजून बरं.